तुम्ही विचारलंत म्हणून: विमानाचा इंजिनिअर नक्की करतो काय?

कोल्हापूरला आलो की हा प्रश्न ठरलेलाच, लग्नात, तालमीच्या कट्ट्यावर, मिसळ खाताना सुद्धा, 'म्हणजे तुम्ही विमान चालवता का?' नाही हो, तो पायलट. आणि विमान तपासून सही करतो तो मेंटेनन्स इंजिनिअर, त्याला डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचं, लायसन लागतं, नुसतं एरोनॉटिकलचं बीई केलं म्हणून ती सही करता येत नाही. (पोरगं बारावीला असेल तर हे आधी समजून घ्या, फी भरल्यावर कळलेले लई भेटलेत मला.)

माझं काम स्ट्रक्चरचं. पार्ट कुठं तुटेल आणि कधी, हे तुटायच्या आधी शोधायचं, बहुतेक वेळ कॉम्प्युटरसमोर आणि अधनंमधनं टेस्ट लॅबमध्ये.

काकांचं उद्यमनगरात मशीनशॉप, तिथं शंका आली की एकच उत्तर, 'ठेव की दोन सूत जादा'. पंपाच्या बॉडीला ठीक आहे ते, पण विमानात जादा ठेवलेलं वजन ते विमान आयुष्यभर इंधन जाळत वाहणार. म्हणून नियम असा की उडताना जास्तीत जास्त जेवढा लोड येईल त्याच्या दीडपट झेललं पाहिजे, बास. काका म्हणाले एवढंच? लिफ्टच्या दोराला पण याच्यापेक्षा जास्त ठेवतात! खरंय. पण दीडपटीवर आमचं भागतं ते मटेरियलचा लॉट न् लॉट तपासलेला असतो म्हणून.

आणि भोकं. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटसाठी भोक पाडलं की कडेला धातूची बारीक धार (बर) राहते, नखाला लागेल न लागेल एवढी, ती काढायचीच. कारण वर गेलं की केबिन आतल्या दाबानं फुगते, खाली आलं की बसते, दर फ्लाइटला हेच, आणि चीर सुरू होते ती बऱ्याचदा अशाच भोकाच्या कडेला. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन ब्रिटिश जेट विमानं हवेतच फुटली, मग इंग्लंडात फार्नबरोला तसंच एक विमान पाण्याच्या टाकीत घातलं आणि आतला दाब चढवत उतरवत बसले, आधीच्या खऱ्या फ्लाइट धरून तीन हजारांच्या आसपास फेरे झाले आणि फाटलं. पाणीच का, तर पाणी हवेसारखं दबत नाही, त्यामुळं फाटलं तरी स्फोट होत नाही आणि चीर कुठनं निघाली ती जागा शाबूत सापडते. काय डोकं आहे राव!

'आपल्याकडचं कोण हाय का या लाइनीत?' हे पण विचारतात. अहो, विष्णू माधव घाटगे! आपल्याच जिल्ह्यातले, जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल या हवेच्या प्रवाहाच्या शास्त्रातल्या मोठ्या माणसाच्या हाताखाली शिकले, १९५१ ला उडालेलं एचटी-२ हे देशी ट्रेनर विमान त्यांच्या टीमचं डिझाइन. पैलवानांची नावं आपल्याला तोंडपाठ असतात, हे नाव निघतच नाही.

आणि नाही, तिकीट स्वस्तात मिळत नाही. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावरनं मुंबईला जायचं तर मी पण ऑफर बघतच बसतो.