मॅक्रोतला कंस आणि पगाराचा चुकलेला हिशेब

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना मी पगाराचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. वरती #डिफाइन करून, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला नाव देणारा मॅक्रो लिहून, ‘एकूण’ म्हणजे ‘मूळ + भत्ता’ असं ठरवलं आणि खाली वर्षाच्या हिशेबासाठी ‘एकूण * 12’. मूळ पगार 20,000, भत्ता 5,000. उत्तर 3,00,000 यायला हवं होतं, आलं 80,000. कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने साधी वॉर्निंगही दिली नाही. नुसतं ‘एकूण’ प्रिंटएफ या फंक्शनने छापलं तर बरोबर 25,000 यायचे, त्यामुळे गोंधळ आणखीच वाढला. दोन संध्याकाळी व्हेरिएबलचे (किंमत साठवणाऱ्या नावांचे) टाइप बदलण्यात गेल्या.

लॅबमधल्या एका सीनियर ताईने विचारलं, “प्रीप्रोसेसरमधून काय बाहेर पडतंय ते पाहिलंस का?” प्रीप्रोसेसर म्हणजे कंपाइल होण्याआधी कोडच्या मजकुरात अदलाबदल करणारा टप्पा. जीसीसी या कंपायलरला -ई (कॅपिटल ई) हा पर्याय दिला की तो प्रीप्रोसेसिंग उरकून तिथेच थांबतो आणि तयार झालेला मजकूर दाखवतो. माझी फाइल वीसेक ओळींची, पण स्क्रीनवर शेकडो ओळी धावल्या. #इन्क्लूड या दुसरी फाइल आणणाऱ्या ओळीच्या जागी एसटीडीआयओ डॉट एच ही अख्खी फाइल येऊन बसली होती. प्रिंटएफचं डिक्लरेशनही त्यातच सापडलं. माझा कोड अगदी तळाशी. कॉमेंट गायब, #डिफाइनची ओळ गायब, ‘एकूण’ हे नाव तर कुठेच नाही. त्याच्या जागी होतं: मूळ + भत्ता * 12.

आधी गुणाकार, म्हणजे 60,000. मग त्यात 20,000. कंपायलरचं काहीच चुकलं नव्हतं. मी ‘एकूण’ला व्हेरिएबल समजत होतो आणि प्रीप्रोसेसरने फक्त नाव काढून मजकूर ठेवला होता. बेरीज त्याच्या गावीही नव्हती! (मूळ + भत्ता) असा कंस घातला आणि 3,00,000 आले. तो आनंद अजून आठवतो.

कंसांनी सगळं भागतं असं मात्र नाही. पुढे दोन संख्यांतली मोठी देणारा मॅक्रो लिहिला: ((अ) > (ब) ? (अ) : (ब)). म्हणजे अ मोठा असेल तर अ, नाहीतर ब. कंस चोख होते. क मध्ये 7 असताना त्याला क++ (क ची किंमत वापरून मग ती एकने वाढवणं) आणि 5 दिले, तर 7 ऐवजी 8 मिळाले आणि क थेट 9 झाला. या वेळी लगेच -ई लावून पाहिलं: क++ दोनदा उमटलं होतं, एकदा तुलनेत, एकदा उत्तरात. तो मॅक्रो काढून तिथे साधं फंक्शन लिहिलं.