खासगी पॅकेजेस नेमकी कुठून येतात?
कंपनीची पायथन पॅकेजेस दोन-तीन खासगी रिपॉझिटरींमध्ये विभागलेली असली, की बहुतेक जण पिपला (पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या साधनाला) ‘एक्स्ट्रा इंडेक्स यूआरएल’, म्हणजे पॅकेजेस शोधण्याचे जादा पत्ते, देऊन मोकळे होतात. परंतु पिप ही ठिकाणे आणि पायपीआय हे सर्वांसाठी खुले भांडार यांना समान मानतो आणि सर्वांत वरची आवृत्ती जिथे सापडेल तिथून उचलतो. अंतर्गत पॅकेजची आवृत्ती १.४ असताना त्याच नावाचे ९९.० कोणी पायपीआयवर चढवले, तर तेच इन्स्टॉल होते. सुरक्षा संशोधक ॲलेक्स बिरसन यांनी २०२१ मध्ये हाच धोका जगासमोर मांडला. मला यूव्ही या पिपला पर्याय असलेल्या साधनाची पद्धत अधिक पटते: प्रत्येक खासगी इंडेक्सला (पॅकेजेसच्या ठिकाणाला) नाव द्यावे, त्याला ‘एक्सप्लिसिट’, म्हणजे फक्त नेमून दिलेल्या पॅकेजेससाठीचा, ठरवावे आणि कोणते पॅकेज कुठून घ्यायचे ते प्रकल्पाच्या पायप्रोजेक्ट (pyproject.toml) फाइलमध्येच नोंदवावे. खासगी इंडेक्समध्ये प्रवेश देणारे गुप्त टोकन मात्र त्या फाइलमध्ये कदापि लिहू नये. ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनच, म्हणजे फाइलबाहेर सिस्टिममध्ये ठेवलेल्या मूल्यातूनच, द्यावे.