त्सुरुईचे क्रौंच आणि बर्फातलं एक्स्पोजर

पूर्व होक्काइदोत फेब्रुवारीत फोटोग्राफर जातात ते मुख्यतः तान्चोसाठी. तान्चो म्हणजे लाल टोपीचा क्रौंच. अंग पांढरंशुभ्र, मान काळी. उभा असताना शेपटी काळी वाटते, पण ती खरं तर मिटलेल्या पंखांची पिसं. उडाला की शेपूट पांढरीच निघते. हा पक्षी जपानमधून संपला असंच धरून चालले होते. १९२४ मध्ये कुशिरोच्या दलदलीत मोजके उरलेले सापडले, पुढे १९५०च्या दशकात हिवाळ्यात त्यांना धान्य घालायला सुरुवात झाली, आणि आज ते हजारावर आहेत. त्यामुळे त्सुरुई गावात पक्षी हुडकत फिरावं लागत नाही. सगळी डोकेफोड एक्स्पोजरची, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याची.

आपल्याकडे भातखाचरातला बगळा टिपताना आपण सवयीने कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेल्या एक्स्पोजरमध्ये आपण करतो ती वाढ-घट) उणे करतो, कारण मागचं हिरवं गडद असतं आणि मीटर (कॅमेऱ्यातला उजेडमापक) बगळ्याला जाळून टाकतो, म्हणजे इतका उजळ करतो की पिसांचा पोतच उरत नाही. इथे उलट. फ्रेमभर बर्फ असला की मीटर त्याला मध्यम राखाडी करायला बघतो आणि क्रौंच मळक्या धोतरासारखा दिसतो. म्हणून 'बर्फात अधिक दीड-दोन स्टॉप' असं सगळे सांगतात (एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट, एक खाली म्हणजे निम्मा). ढगाळ हवेत ते चालतंही. उन्हात मात्र अधिक दोनने पिसांचा पोत हमखास जातो. अधिक एकच्या आसपास सुरुवात करा आणि बघत बघत वाढवा.

पण खरी अडचण पुढेच आहे. हाच क्रौंच बर्फावरून उडतो, काळपट झाडीसमोरून जातो, मग आकाशात. त्याच्यावर पडणारा उजेड तसूभरही बदललेला नसतो, मीटर मात्र प्रत्येक वेळी वेगळं सांगतो. तेव्हा ऊन स्थिर असेल तर सरळ मॅन्युअलवर जा, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवा, आणि ऑटो आयएसओ (उजेडाप्रमाणे संवेदनशीलता आपोआप बदलणारी सोय) बंद करा, नाहीतर मॅन्युअलचा काही उपयोग नाही. स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, शटर १/२००० सेकंद इथून सुरू करा. उन्हातल्या क्रौंचाचा एक फोटो काढून हायलाइटची लुकलुक बघा, म्हणजे जळालेला भाग कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकतो ती. पाठीवर लुकलुकलं तर एक तृतीयांश स्टॉप खाली या. मागचा चकाकणारा बर्फ थोडा लुकलुकला तर लुकलुकू दे. काळ्या मानेची चिंता नको, रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) ती वर येते. जळालेलं पांढरं परत येत नाही.

ओतोवा पुलावरची पहाट हे वेगळंच प्रकरण. सेत्सुरी नदी गोठत नाही, म्हणून क्रौंच रात्री तिच्या पात्रात उभे राहतात. पारा उणे वीसच्या आसपास गेला की पाण्यावरून वाफ उठते आणि काठच्या झाडांवर हिमकण चढतात. ट्रायपॉडसाठी जागा हवी तर उजाडायच्या बऱ्याच आधी पोचा. इथे उजेड मिनिटागणिक वाढतो, त्यामुळे मॅन्युअलचा हट्ट सोडून अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) आणि अधिक दोन तृतीयांश ते एक स्टॉप बरं पडतं. सोनेरी धुक्यात लाल चॅनल आधी जळतो, म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघावा. सावलीतला निळेपणा मी तरी काढत नाही. थंडी त्यातच दिसते.

राउसू बंदरातून निघणाऱ्या बोटीवरून, समुद्रात वाहत्या हिमखंडांवर, स्टेलरचा समुद्री गरुड भेटतो: काळपट तपकिरी अंग, पांढरे खांदे, भलीमोठी पिवळी चोच. इथे खांदे सांभाळायचे. बर्फाचंच एक्स्पोजर ठेवून, ढगाळ असेल तर अर्धा स्टॉप वर, एवढं पुरतं. डोळा दिसावा म्हणून त्याहून वर गेलात तर खांदे जातात. त्यापेक्षा गरुडाने मान उजेडाकडे वळवायची वाट बघा. बर्फावरून परतलेला उजेड खालून पंखांवर पडतो, म्हणून उडतानाचे फोटो इथे अपेक्षेपेक्षा उजळ येतात.

बर्फ पडत असेल तर १/२००च्या आसपास शटरला रेषा मिळतात, १/१०००च्या वर ठिपके. ऑटोफोकस मात्र हिमकणांमागे धावतो. त्याची संवेदनशीलता कमी करून ठेवा.

जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. गरम खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत घालून चेन लावा आणि तासाभराने उघडा, म्हणजे लेन्सवर दव धरणार नाही. कार्ड बाहेरच काढून घ्या, नाहीतर तो तासभर बॅगेकडे बघत बसाल.