आधी सरळ, मग वाकवणं

गुडघा बदललेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, "किती वाकतो?" मलाही रोज हेच विचारलं जायचं. पण घरी व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काकू, वाकण्याचं आपण बघू. त्याआधी हा पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे." हे वाक्य मला वेळेवर ऐकायला मिळालं म्हणून मी आज नीट चालते आहे. ज्यांच्या घरी हे ऑपरेशन व्हायचं आहे त्यांच्यासाठी मुख्यतः ह्याच कारणाने लिहिते आहे.

माझं वय 67. वाईला राहते, हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झाले. उजवा गुडघा आतल्या बाजूने पार झिजला होता, हाडावर हाड घासायचं, आणि पाय हळूहळू बाहेर फाकत चालला होता. घाटावर जाणं तर कधीच सुटलं होतं. रात्री कूस बदलतानासुद्धा जाग यायची.

आमच्या पिढीला हे ऑपरेशन माहीत झालं ते अटलजींमुळे. ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा बदलला आणि पुढच्या वर्षी उजवा. तेव्हा वाटायचं, हे मोठ्या लोकांचं काम. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमी वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा सांधा, जो त्याआधी दीड लाखाच्या पुढे जायचा, तो 54,720 रुपये अधिक जीएसटी असा आला. माझ्यासारख्या पेन्शनवर जगणाऱ्या बाईने धीर केला त्यात ह्या निर्णयाचा मोठा वाटा आहे आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

ऑपरेशन पुण्यात झालं. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं थोडी कापून त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि मध्ये टणक प्लास्टिकची चकती. त्याआधी साखर, लघवी, दात सगळं तपासून घेतलं, कारण शरीरात कुठेही जंतुसंसर्ग असला तर तो नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, चार पावलं चालवलं, आणि मला वाटलं की संपलं सगळं. पण नसांना दिलेल्या औषधाचा असर उतरला की दुखणं कळायला लागतं, आणि नेमकं तेव्हा आपण घरी असतो.

घर मात्र ह्यांनी आणि लेकीने आधीच तयार करून ठेवलं होतं. आमचा पलंग जुन्या पद्धतीचा, बुटका. त्याच्या चारही पायांखाली सुताराकडून खाच पाडून घेतलेले लाकडी ठोकळे घातले. बसताना गुडघा कमरेपेक्षा खाली राहिला की उठणं सोपं जातं, म्हणून खुर्चीही उंच आणि हाताची हवी. पायपुसणी आणि सतरंज्या उचलल्या. संडास भारतीय पद्धतीचा असल्याने कमोडची खुर्ची आणली. न्हाणीघरात प्लास्टिकचं स्टूल आणि भिंतीला पकडायला दांडी. उंबरा हा आमच्या जुन्या घरातला सगळ्यात मोठा अडथळा ठरला; वॉकरचे चारही पाय पलीकडे टेकल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, हे मला पुन्हा पुन्हा बजावावं लागलं.

पुण्याहून येताना गाडीची पुढची सीट पूर्ण मागे सरकवली होती आणि तिच्यावर एक मोठी प्लास्टिकची पिशवी अंथरली होती. त्यामुळे आधी टेकून बसता येतं आणि मग अंग सरकवत पाय आत घेता येतात. ही युक्ती रुग्णालयातल्या एका सिस्टरने सांगितली, तिचे उपकार. खंबाटकी घाटाच्या अलीकडे थांबून उतरले, थोडी चालले. सगळा रस्ता घोट्यातून पाऊल वर-खाली करत होते, पोटरीतलं रक्त फिरतं राहावं म्हणून.

आता उशीबद्दल. पहिल्या रात्रीच माझ्या जाऊबाईंनी प्रेमाने गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली. खरंच बरं वाटलं. अर्धवट वाकलेल्या स्थितीत सांध्याला सगळ्यात कमी ताण असतो, म्हणून सूज आलेला गुडघा आपोआप तिकडेच जातो. सकाळी फिजिओ आली, तिने उशी काढली आणि टॉवेलची घट्ट गुंडाळी करून ती टाचेखाली ठेवली. आता गुडघा अधांतरी, खाली काहीच नाही, आणि तो स्वतःच्या वजनाने खाली जायला हवा. वरून मी मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीकडे दाबायचा, दहापर्यंत आकडे म्हणायचे, सोडायचं. दिसायला काहीच नाही; पण पहिल्या काही दिवसांत ह्या व्यायामाने डोळ्यांतून पाणी यायचं.

तिने कारण समजावून सांगितलं ते असं. ऑपरेशननंतर सांध्याभोवती नवे तंतू तयार होत असतात. गुडघा वाकलेलाच ठेवला तर मागची बाजू आखडून तशीच पक्की होते. मग उभं राहिल्यावर पाय पाच-दहा अंश वाकलेला राहतो, एक पाय आखूड असल्यासारखी चाल लंगडी होते, मांडीचा स्नायू सतत ताणलेला राहून थकतो आणि कंबरही दुखायला लागते. वाकणं पुढे कित्येक महिने सुधारत राहतं. सरळ होण्याची संधी मात्र पहिल्या काही आठवड्यांतच सगळ्यात चांगली असते.

तिच्याकडे मोजायला लांब दांड्यांचं प्लास्टिकचं कोनमापक होतं. आयुष्यभर मुलांना कोन मोजायला शिकवले, आता माझाच गुडघा कोनमापकाखाली. पूर्ण सरळ म्हणजे 0 अंश. माझा सुरुवातीला 10 च्या आसपास अडकायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ह्यांनी दोन आकडे लिहायला सुरुवात केली, एक सरळचा, एक वाकण्याचा. साधारण दोन आठवड्यांत 90 अंश वाकला तर ठीक चाललं आहे असं धरतात, खुर्चीतून नीट उठायला त्याहून थोडं जास्त लागतं, आणि 110 ते 120 मिळाले की जिने आणि रोजचे व्यवहार बऱ्यापैकी होतात.

वाकवण्याचे व्यायाम दोन. पलंगावर टाच घासत ढुंगणाकडे ओढायची; चादरीवर घर्षण होतं म्हणून टाचेखाली पिशवी घ्यायची. दुसरा खुर्चीत बसून, चांगल्या पायाने ऑपरेशनच्या पायाला हळूहळू मागे ढकलायचं. व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास वेदनेची गोळी घ्यायची आणि नंतर पंच्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी पंधरा-वीस मिनिटं. "गोळ्या जितक्या कमी तितकं चांगलं" असं मला वाटायचं, पण डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं की डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घेतलेली बरी. दुखण्याच्या भीतीने व्यायाम टळला तर नुकसान जास्त. त्या गोळ्यांनी पोट मात्र साफ होत नाही. इसबगोल, भरपूर पाणी आणि पपई ह्यांची सोय आधीच करून ठेवावी, हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून मी बोलते.

मधल्या एका टप्प्यात कॅलेंडरवरचा वाकण्याचा आकडा पुढेच सरकेना. मला वाटलं व्यायाम कमी पडतोय, म्हणून मी अंगणात जास्त चालायला लागले. संध्याकाळी गुडघा फुगायचा, गरम व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी आणखी कमी वाकायचा. फिजिओने चालणंच कमी करायला लावलं. सांध्यात पाणी साचलं की वाकायला आत जागा उरत नाही, शिवाय मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो, कितीही हुकूम दिला तरी ऐकत नाही. तिने थोडं थोडं, पण दिवसातून पुष्कळदा चालायला सांगितलं, आणि मध्ये पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडून राहायला. उंच ठेवतानाही आधार पोटरी आणि टाचेखाली. आठवडाभरात सूज ओसरली आणि आकडा हलला. ज्या दिवशी सरळच्या रकान्यात 0 लिहिलं गेलं, त्या दिवशी ह्यांनी पेढे आणले.

रात्री फार कठीण होत्या. दिवसा माणसं असतात, रात्री फक्त पाय असतो. कुशीवर वळता येत नाही, दोन-दोन तासांनी जाग येते, आणि पहाटे मन फार खचतं. आपण हे कशाला केलं, असं मला त्या पहाटे कितीदा वाटलं. ज्यांचं नुकतंच झालं आहे त्यांना एवढं सांगते, झोप परत येते. मला कुशीवर दोन पायांमध्ये उशी घेऊन झोपायची परवानगी मिळाली तेव्हापासून फरक पडला.

एकदा खरी भीती वाटली. संध्याकाळी पोटरी ताठ झाली, दाबली की दुखायला लागली. रुग्णालयाने घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिलं होतं की पोटरीत अशी कळ आली तर थांबू नका. नसेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका ह्या ऑपरेशननंतर असतो, त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी मी घेतच होते. फोन केला, त्यांनी लगेच डॉपलर सोनोग्राफी करायला सांगितली. साताऱ्याला जाऊन केली. गुठळी नव्हती, नुसती सूज उतरून खाली आली होती. पण जाण्यात गैर काही झालं नाही. धाप लागणं, छातीत दुखणं, जखमेतून पाणी किंवा पू येणं, लाली वाढत जाणं, थंडी वाजून ताप येणं, ह्यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नये.

ह्याच कारणाने मालिशवाल्यांना मी घरात येऊ दिलं नाही. आपल्याकडे प्रत्येकाच्या ओळखीचा एक तेल लावणारा असतो आणि एक लेपाचं औषध देणारा. पोटरीत गुठळी असेल तर ती चोळणं जिवावर बेतू शकतं, आणि ताज्या जखमेवर तेल किंवा लेप म्हणजे जंतुसंसर्गाला निमंत्रण. ओळखीच्या माणसांना नाही म्हणणं अवघड जातं, ते काम लेकीने केलं. डिंकाचे लाडू मात्र आनंदाने खाल्ले. जखम भरायला प्रथिनं लागतात म्हणून रोज मूग, पिठलं, दही आणि अंडं असायचंच.

टाके काढल्यावर वॉकरऐवजी काठी यायला अजून काही आठवडे गेले. काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. आमच्या माडीच्या पायऱ्यांवर मी हे मोठ्याने म्हणत चढायचे, कारण दमल्यावर डोक्यात उलटसुलट होतं.

काही गोष्टींची सवय करून घ्यावी लागते. जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर राहिली आहे, साडीच्या निऱ्या तिथे लागल्या तरी कळत नाही. कापताना बारीक नस जाते म्हणून असं होतं आणि हा बधिर भाग हळूहळू आक्रसतो. चालताना कधी आतून टक असा आवाज येतो, धातू प्लास्टिकला लागतो तो. गुडघा कित्येक महिने हाताला गरम लागतो.

आणि मांडी घालून बसणं गेलं. माझ्या डॉक्टरांनी जमिनीवर बसू नका, उकिडवं तर मुळीच नको, असं स्पष्ट सांगितलं. ह्याचं दुःख मला दुखण्यापेक्षा जास्त झालं. देवघरासमोर पाट मांडून बसण्यात जे होतं ते खुर्चीत येत नाही. शेवटी देव एका टेबलावर आणून ठेवले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका सतरंजीवर आणि मी एकटी खुर्चीत, तेव्हा एका मैत्रिणीने न सांगता दुसरी खुर्ची ओढली आणि माझ्याजवळ बसली. आपल्या देवळांत आणि मंगल कार्यालयांत पंगतीबरोबर चार खुर्च्या-टेबलं आधीपासून मांडलेली असावीत, कुणाला मागायला लागू नये, असं मला फार वाटतं. गुडघे बदललेली माणसं आता घरोघरी आहेत.

डावा गुडघा पुढच्या हिवाळ्यात करायचा ठरला आहे. ह्या वेळी मांडीचे व्यायाम आत्तापासूनच सुरू केले आहेत, कारण ऑपरेशनला जाताना स्नायू जितका बळकट, तितकं नंतरचं सोपं. लाकडी ठोकळे पलंगाखालीच आहेत. कमोडची खुर्ची आणि वॉकर मधल्या आळीतल्या एका आजींना दिले आहेत, त्यांचं ऑपरेशन गेल्या आठवड्यात झालं. माझी वेळ येईपर्यंत ते परत येतील.