विजयदुर्गचा हेलियम

दिवाळी अंकासाठी आलेल्या मजकुरातली नावं, सालं, आकडे तपासणं हे माझं काम. शुद्धलेखन दुसरा बघतो. इकडची सालं एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत येतात, त्यामुळे दहा ठिकाणी तेच सापडलं म्हणून काही सिद्ध होत नाही. आमच्या संपादकांना हे अजून पटायचंय.

यंदा देवगडकडच्या एका निवृत्त गुरुजींचा लेख आला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला, किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे', म्हणजे दुर्बिणी ठेवायचे चौथरे, त्याची साक्ष. ही गोष्ट इथल्या पोराटोरांना पाठ आहे. मी अडलो ऑगस्टवर. भर पावसात विजयदुर्गाला सूर्य बघायला कोण येईल? त्यात खाली आणखी एक ओळ: 'माझे आजोबा, जन्म १८८६, बारा वर्षांचे असताना साहेबाच्या पेट्या उचलायला गेले होते.' लेख माझ्याकडे येण्याआधी दोघांनी वाचला होता म्हणे!

१८६८ च्या ग्रहणाला गुंटूरला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, हेलियमच्या शोधात लॉकियरबरोबर ज्याचं नाव घेतात. लॉकियर इंग्लंडात. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगीत रेघा, त्याने २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिला. त्यातली पिवळी रेघ सोडियमच्या रेघांशी जुळेना, म्हणजे हे काहीतरी नवं मूलद्रव्य; तिथून हेलियमची गोष्ट सुरू होते. १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने तो पृथ्वीवरच्या खनिजातून काढला. लॉकियर विजयदुर्गाला आला, खरंच आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर हेलियम प्रयोगशाळेत पोचून गेला होता.

गुरुजींना फोन केला.

"म्हणजे माझो आजो खोटा बोललो?"

"नाही गुरुजी, आजोबांचंच बरोबर आहे. तुमचं साल चुकलंय."

"आणि हेलियम?"

"तो लंडनला गेला."

गुरुजींनी मानलं. अडले ते संपादक. कव्हरवर 'हेलियमची जन्मभूमी' छापून झालंय, आतलं काय ते बदल, म्हणाले. आत १८९८ आणि बाहेर जन्मभूमी, असा अंक निघणार. पुढच्या वर्षी कुणीतरी आमच्याच कव्हरचा हवाला देईल आणि तो लेख माझ्याच टेबलावर येईल.

गुरुजी मात्र पेटलेत. लॉकियरच्या मदतीला 'मेल्पोमिनी' या आरमारी जहाजावरचे खलाशी होते, एवढं मी सांगायचा अवकाश, त्यांनी रातोरात नवे दोन परिच्छेद लिहून पाठवले. त्यात आजोबा आता थेट जहाजावर चढलेत. संध्याकाळी परत फोन करायचाय.