लूमशेडमधून पोस्टग्रेसपर्यंत: जोडणीची नोंद, टप्पा 3

सेटअप: जुळे सोलापुरात घरी रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक (पुढे नुसतं ‘पाय’), त्यावर पोस्टग्रेस 15 हा डेटाबेस. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लूमशेडमधला पीसी तापमान आणि आर्द्रतेचे आकडे तिथे पाठवतो. उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की ताण्याचं सूत जास्त तुटतं, त्यामुळे या आकड्यांत खंड नको.

घरच्या वायफायवर डीबीव्हर (डेटाबेस बघायचं साधन) जोडून झालं. लिसन_अ‍ॅड्रेसेस (पोस्टग्रेस कोणत्या पत्त्यांवर ऐकतो ती सेटिंग) मुळात लोकलहोस्ट, म्हणजे फक्त तेच मशीन, असतं. ते बदललं की रीस्टार्टच लागतो. कोणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलला मात्र रीलोड पुरतो. तिच्यात वरून पहिली जुळणारी ओळ लागू होते. तिथे पासवर्ड नाकारला गेला तर खालच्या ओळी बघितल्याच जात नाहीत. फायरवॉलमध्ये पोस्टग्रेसचा पोर्ट 5432 फक्त घरच्या नेटवर्कला (192.168.1.0/24) उघडा.

एरर नीट वाचा, निम्मं काम तिथेच होतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीन सापडलं, पण बहुधा त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. पायवर ‘एसएस -एलटीएन’ चालवा, नुसतं 127.0.0.1:5432 (पायचा स्वतःपुरता पत्ता) दिसलं तर कारण कळलं. ‘टाइमआउट’ असेल तर फायरवॉल पॅकेट गिळतोय किंवा लाइट जाऊन आल्यावर राउटरने पायला दुसरा आयपी दिलाय. राउटरच्या डीएचसीपीत (आयपी वाटणारी सेवा) पायचा आयपी राखून ठेवा. ‘ऑथेंटिकेशन मेथड 10’ची तक्रार आली तर ड्रायव्हर जुना आहे, त्याला स्क्रॅम-शा-256 ही पासवर्ड तपासायची पद्धत येत नाही. तो अपडेट करा, एमडी5 या जुन्या, कमकुवत पद्धतीवर उतरू नका.

आता शेड. घरचं इंटरनेट सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला), त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग निरुपयोगी. भाड्याचा छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) मध्ये घेतला आणि त्यातून एसएसएचचा टनेल, म्हणजे सुरक्षित बोगदा, काढला:

पायवरून: एसएसएच -एन -आर 5433:लोकलहोस्ट:5432
शेडमधून: एसएसएच -एन -एल 5433:लोकलहोस्ट:5433

दोन्ही कमांड व्हीपीएसच्या पत्त्याकडे. डीबीव्हरमध्ये होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट 5433.

इथे एक धोका आहे. टनेलमधून आलेली जोडणी पोस्टग्रेसला पायवरचीच वाटते. म्हणून 192.168 ची ओळ लागूच होत नाही, 127.0.0.1/32 किंवा आयपीव्ही6 ची ::1/128 लागते. त्यातल्या एकीवरही ‘ट्रस्ट’ असेल तर व्हीपीएसवर शिरलेला कोणीही पासवर्डशिवाय आत येईल. दोन्हींवर स्क्रॅम-शा-256 हवंच.

लाइट गेल्यावरची अडचण जास्त चिवट. पाय पुन्हा सुरू होतो, पण व्हीपीएसवर जुनं सेशन 5433 धरून बसलेलं असतं. नवं एसएसएच लॉगिन होतं, फॉरवर्डिंग होत नाही, आणि सर्व्हिस चालू दिसते. पायवर ‘एक्झिट-ऑन-फॉरवर्ड-फेल्युअर येस’ आणि सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीत ‘रीस्टार्ट=ऑलवेज’ ठेवा. व्हीपीएसच्या एसएसएचडीत (तिथला एसएसएच सर्व्हर) ‘क्लायंट-अलाइव्ह-इंटर्व्हल 30’ ठेवलं की मेलेलं सेशन दीड-दोन मिनिटांत सुटतं आणि पुढच्या प्रयत्नाला पोर्ट मिळतो.

बाकी काम: टनेल तुटलेला असताना शेडच्या पीसीवर आकडे एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलमधला छोटा डेटाबेस) साठवायचे आणि जोडणी आली की एकत्र पाठवायचे.