बर्फ पडण्याआधीचे मीठ

माझी भाची अमेरिकेतील मिनियापोलिस येथे राहते. गेल्या जानेवारीत तिने व्हिडिओ कॉलवर घरासमोरचा रस्ता दाखवला. तो अगदी कोरडा होता, मात्र त्यावर लांबच लांब समांतर पांढऱ्या रेघा उमटलेल्या होत्या. "मामा, रात्री बर्फ पडणार आहे, म्हणून टँकर आत्ताच मिठाचे पाणी मारून गेला," असे ती म्हणाली.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला बर्फ आणि मीठ यांचे नाते कळते ते उन्हाळ्यातल्या आईस्क्रीमच्या पॉटमुळे. पॉटभोवतीच्या बर्फात जाडे मीठ घातले की बर्फ वितळू लागतो, तरीही ते खारे पाणी शून्य अंशाच्या बरेच खाली जाते आणि आतले दूध घट्ट होते. तिकडे हाच गुण उलट्या कामी येतो. कोरडे मीठ टाकले तर त्यातले बरेच खडे उसळून रस्त्याच्या कडेला जातात, आणि उरलेले मीठ ओलाव्यात विरघळेपर्यंत निरुपयोगीच असते. आधीच विरघळवलेले मीठ मात्र डांबराला धरून राहते आणि बर्फाला रस्त्याशी घट्ट चिकटू देत नाही. त्यामुळे नंतर तो फाळाच्या गाडीने सहज खरवडता येतो.

या पाण्यात वजनाने २३.३ टक्के मीठ असते, म्हणजे लिटरभर पाण्यास साधारण ३०० ग्रॅम. या प्रमाणात ते उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. मीठ याहून वाढवले तर गोठणबिंदू पुन्हा वर चढतो, ही गोष्ट मला फार आवडली. अर्थात रस्त्यावर बर्फ वितळून पाणी पातळ होत जाते, त्यामुळे उणे ९-१० अंशांखाली मिठाचा जोर बराच ओसरतो. आधी पाऊस पडून मग बर्फ होणार असेल, तर फवारणी वाहूनच जाते.

मी टॉवेलच्या कारखान्यात डाइंग खात्यात होतो. सुतावर रंग चढावा म्हणून आम्ही पोत्यांनी मीठ वापरत असू, आणि त्या पाण्याने लोखंडी पाइपांची काय दशा होते हे मी रोज पाहत होतो. म्हणून मी भाचीला पहिला प्रश्न गाडीच्या पत्र्याबद्दल विचारला. हिवाळाभर गाडी खालून धुवावी लागते, असे ती म्हणाली. दुसरा प्रश्न तिच्या घराजवळच्या तळ्याबद्दल होता, कारण सांडपाण्यातला रंग आम्ही बऱ्यापैकी काढत असू, पण विरघळलेले मीठ तसेच पुढे जात असे.